विशेष वर्गातील हिवाळी हस्तव्यवसाय : साहित्य, पायऱ्या आणि हेतू

दिवाळीची सुटी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले, की विशेष वर्गांतील हस्तव्यवसायाच्या तासाला निराळेच महत्त्व प्राप्त होते. संयुक्त राष्ट्रसंघाने 1992 मध्ये जाहीर केल्यापासून 3 डिसेंबर हा दिवस जागतिक दिव्यांग दिन म्हणून पाळला जातो. त्यापाठोपाठ नाताळ येतो, शाळेचे स्नेहसंमेलन येते आणि जानेवारीच्या मध्याला मकरसंक्रांत येते. या प्रत्येक प्रसंगी विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू मांडण्याची प्रथा आहे. मांडलेल्या सुबक वस्तू पाहून पाहुणे संतोष पावतात आणि पालकांनाही समाधान वाटते. परंतु त्या वस्तूचा नेमका कोणता भाग मुलाच्या हातून झाला आणि कोणता शिक्षिकेच्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः हस्तव्यवसायाचे शैक्षणिक मोल ठरते ते याच प्रश्नाच्या उत्तरावरून.

प्रस्तुत लेखात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वर्गात हिवाळ्याच्या तीन-चार महिन्यांत करता येतील अशा काही साध्या हस्तव्यवसायांचा विचार केला आहे. (या मुलांसाठी पूर्वी ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता; आता तो मागे पडत आहे आणि तो पडावा हे योग्यच आहे.) लेखाचे मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे आहे : हस्तव्यवसाय मुलाच्या स्वतःच्या हिवाळ्यातून निवडावा, त्याच्या पायऱ्या पाडाव्यात आणि त्यांपैकी निदान एक पायरी तरी मुलाने कोणाच्याही साहाय्यावाचून पुरी करावी. वस्तू देखणी झाली की नाही, हा त्यानंतरचा विचार होय.

१. परंपरा

विशेष शिक्षणाच्या इतिहासात हाताच्या कामाला आरंभापासूनच स्थान आहे. फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानात सापडलेल्या मुलाला शिकविण्याचा प्रयत्न पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील वैद्य इतार्द यांनी 1801 च्या सुमारास केला. त्यात बोलण्याच्या शिक्षणाला बेताचेच यश आले. परंतु ज्ञानेंद्रियांच्या द्वारे शिकविण्याची एक दिशा मात्र त्यातून निघाली. ती दिशा एदुआर सेगँ यांनी पुढे नेली. 1846 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हात, डोळा आणि स्पर्श यांच्या शिस्तबद्ध अभ्यासाची पद्धती मांडली. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे आपले पहिले बालगृह उघडले, त्यापूर्वी त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम केले होते आणि सेगँ यांच्या लेखनाचा बारकाईने अभ्यास केला होता. सर्वसामान्य बालवाडीतून आज दिसणारी बटणे लावण्याची चौकट ही अशा रीतीने विशेष मुलांसाठी झालेल्या विचारातून उदयास आलेली आहे. या क्षेत्रात विशेष शिक्षण सामान्य शिक्षणाचे ऋणको नसून धनको आहे, याचा आपणांस अनेकदा विसर पडतो.

दुसरी एक परंपरा तर प्रत्यक्ष हिवाळ्यातूनच जन्मास आली. स्वीडन, फिनलंड आदी उत्तरेकडील देशांत दीर्घ हिवाळ्यात शेतीची कामे बंद पडत. त्या काळात घरोघरी लाकडाचे चमचे, मुठी, खुंट्या कोरणे, विणणे, टोपल्या करणे अशी कामे चालत. या घरगुती कामांना शाळेत आणून त्यांना ‘स्लॉइड’ या नावाने शिक्षणाचे रूप देण्यात आले. फिनलंडमध्ये उनो सिग्नेअस यांच्या पुढाकाराने 1866 मध्ये लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकौशल्याचा समावेश झाला. पुढे स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमोन यांनी शिक्षकांना या पद्धतीचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्यांचे दोन दंडक आजही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला हा, की वस्तू घरात खरोखर उपयोगी पडणारी असावी. दुसरा हा, की वस्तूंची मालिका सोप्याकडून कठिणाकडे जावी आणि प्रत्येक वस्तू विद्यार्थ्याने स्वतःच पुरी करावी.

आपल्याकडे 1937 साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना मांडली व उत्पादक हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी प्रथम बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे, परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून शैक्षणिक साधने निर्माण केली. बिया, पाने, शंख-शिंपले, माती यांच्या साह्याने गणन आणि वर्गीकरण शिकविता येते, हे त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणवाडीत प्रत्यक्ष दाखवून दिले. म्हणजे महाराष्ट्रातील शिक्षकाला या बाबतीत दूरचा आदर्श शोधावयास नको.

२. ऋतू कोणाचा?

हे सर्व असूनही आपल्या वर्गांतून हिवाळ्याच्या नावाखाली काय चालते, हे पाहण्यासारखे आहे. परदेशी हस्तपुस्तिकांवरून घेतलेला कापसाचा बर्फाचा बाहुला, निळ्या कागदावर चिकटविलेले पांढरे हिमकण, बर्फाने झाकलेले घर ही चित्रे पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतात. ती ज्या देशांत जन्मली तेथे ती सर्वथैव योग्य आहेत. तेथील मूल खिडकीतून बर्फ पाहते, बाहेर जाऊन त्याला हात लावते आणि मग कागदावर त्याची प्रतिकृती करते. सोलापूरच्या किंवा परभणीच्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर. ज्या मुलाला प्रत्यक्ष वस्तूवरून तिच्या चित्राकडे जाण्यासच कष्ट पडतात, त्याला न पाहिलेल्या वस्तूची दुसऱ्याच वस्तूतून प्रतिकृती करावयास सांगणे म्हणजे दोन अडचणी एकावर एक रचणे होय. त्याच्या दृष्टीने तो बाहुला म्हणजे शिक्षिकेने सांगितलेल्या जागी लावावयाचे कापसाचे गोळे, एवढाच त्याचा अर्थ.

आता याच कापसाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. विदर्भात, मराठवाड्यात आणि खानदेशात हिवाळा हाच कापूस वेचणीचा काळ असतो. रस्त्याने कापसाच्या गाड्या जातात, कुंपणाच्या काट्यांना कापूस लागून राहिलेला दिसतो, पुष्कळ मुलांच्या घरची माणसे वेचणीला जातात. तोच कापूस वर्गात आला तर तो कशाचेही सोंग न घेता कापूस म्हणूनच येतो. त्यातून सरकी काढता येते आणि तो पिंजून त्याची वात करता येते. वात घरी देवापुढे लागते आणि ती लागलेली मुलाला दिसते. साहित्य मुलाच्या परिसरातून आले, वस्तू त्याच्या घरी गेली आणि तिचा उपयोग त्याच्या डोळ्यांदेखत झाला. या तीन कसोट्यांना जो हस्तव्यवसाय उतरेल तो विशेष वर्गासाठी निवडावा.

स्थानपरत्वे निवड बदलणार हे उघड आहे. वसई, मुंबई व गोवा या भागांत नाताळचा आकाशकंदील किंवा तारा घरोघर लागतो. तेथील वर्गात शिक्षकाने बांबूच्या कामट्यांचा पाच टोकांचा सांगाडा तयार करून द्यावा व मुलांनी त्यावर पतंगी कागद खळीने चिकटवावा. ज्या मुलाने गल्लीत तारा पाहिला आहे त्याला तो का करावयाचा, हे समजावून द्यावे लागत नाही.

३. कार्याचे विश्लेषण : फुलवातीचे उदाहरण

प्रौढ माणसाला फुलवात करणे ही एकच क्रिया वाटते. शिकविण्याच्या दृष्टीने मात्र तीत अनेक क्रिया गुंतलेल्या आहेत. त्या अशा :

(१) डब्यातून कापसाचा लहान पुंजका उचलणे. (२) त्यातील सरकी चाचपून बाहेर काढणे व वाटीत टाकणे. (३) पानांचे कण व कचरा वेचणे. (४) तंतू बोटांनी मोकळे करून त्याची रुपयाएवढी चपटी चकती करणे. (५) चकतीचा मध्य अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून वर उचलणे. (६) बोटे दुधात किंवा पाण्यात किंचित ओली करणे. (७) वर उचललेले टोक एकाच दिशेने पिळणे. (८) तयार वात डबीत उभी ठेवणे.

अशा रीतीने कोणत्याही कामाच्या पायऱ्या पाडण्यास कार्यविश्लेषण म्हणतात. ते कागदावर करून भागत नाही. शिक्षकाने स्वतः ते काम सावकाश करीत, प्रत्येक हालचाल लिहून काढावी. नंतर ते डाव्या हाताने एकदा करून पाहावे. सरावाने आपण ज्या हालचालींची दखल घेत नाही, त्या डाव्या हाताने करताना तत्काळ जाणवतात.

पायऱ्या पाडल्यावर त्या शिकविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या पायरीपासून आरंभ करून पुढे जाणे हा एक. शेवटच्या पायरीपासून आरंभ करून मागे येणे हा दुसरा. यास प्रतिक्रम पद्धती म्हणता येईल. तीत पहिल्या सात पायऱ्या शिक्षक मुलाच्या समक्ष करतो आणि तयार वात डबीत ठेवण्याचे काम तेवढे मुलाकडे देतो. ते निश्चितपणे जमू लागले, की टोक पिळणे आणि डबीत ठेवणे ही दोन्ही मुलाकडे जातात. मग बोटे ओली करणे, मग मध्य उचलणे, अशा क्रमाने मूल मागे मागे येत अखेर कापसाच्या डब्यापर्यंत पोचते. या पद्धतीचा मोठा लाभ असा, की पहिल्या दिवसापासून काम पुरे होण्याचा क्षण मुलाच्या वाट्याला येतो. ज्या मुलाचे बहुतेक प्रयत्न आजवर अर्ध्यावर राहिले, किंवा दुसऱ्याने हातातून काढून घेऊन पुरे केले, त्याच्या दृष्टीने हा क्षण फार मोलाचा असतो. आठही पायऱ्या साधावयास एका मुलाला पंधरवडा लागेल, दुसऱ्याला सबंध हिवाळा लागेल, तर तिसरा चौथ्या पायरीशीच थांबेल. चौथ्या पायरीशी थांबणाऱ्या मुलाला उत्तम चकत्या करता येत असतील तर त्याने चकत्या कराव्यात व शेजारच्या मुलाने त्या पिळाव्यात. असे काम वाटून घेणे कमीपणाचे मानू नये. कारखान्यात आणि स्वयंपाकघरातही तसेच चालते.

साहाय्य देण्याच्याही श्रेणी आहेत. मुलाच्या हातावर हात ठेवून क्रिया करून घेणे हे सर्वांत अधिक साहाय्य. त्याहून कमी म्हणजे कोपराला किंवा मनगटाला नुसता स्पर्श. त्यानंतर स्वतः करून दाखविणे. त्यानंतर बोटाने खूण. त्यानंतर केवळ शब्द. शिकविताना मुलाला लागेल तेवढेच साहाय्य द्यावे व दिवसेंदिवस ते काढून घेत जावे. येथे शिक्षकाच्या स्वभावाचीही परीक्षा होते. मूल अडखळले की मदतीचा हात पुढे जाणे हे स्वाभाविक आहे. परंतु मनातल्या मनात पाच अंक मोजून मग हात पुढे करावा. त्या पाच अंकांच्या अवकाशात पुष्कळदा मूल आपण होऊन पुढची हालचाल करते.

तयार वाती मोजून ठेवण्यासाठी अंडी ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या तबकातील 10 खळगे कापून घ्यावेत. खळग्यागणिक एक वात ठेवली की दहा पुऱ्या होतात. ज्या मुलाला दहापर्यंत अंक म्हणता येत नाहीत, त्यालाही तबक भरले आहे हे दिसते.

४. लोकर आणि चिंध्या

हिवाळ्यात लोकर घराघरांत दिसते, आणि ती हाताला उबदार व मऊ लागते. तिच्यापासून करावयाची सर्वांत सोपी वस्तू म्हणजे गोंडा. सुमारे 8 सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर लोकरीचे 60 वेढे घालावयाचे, ते अलगद सरकवून काढावयाचे, मध्ये घट्ट बांधावयाचे आणि दोन्ही टोके कात्रीने कापावयाची. यातील वेढे घालण्याची क्रिया एकसारखी व तालबद्ध असल्याने चंचल मुलेही तीत रमू शकतात. 60 पर्यंत मोजता येत नसेल तर सुतळीत ओवलेले 6 मोठे मणी शेजारी ठेवावेत आणि दर दहा वेढ्यांना एक मणी सरकवावा. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचा एकच हात चालतो, त्याच्यासाठी पट्टी टेबलाच्या कडेला चिमट्याने पक्की बसवावी. मग तोही इतरांप्रमाणे वेढे घालू शकतो. गोंडा कानटोपीला लावता येतो, दप्तराला बांधता येतो.

दुसरे काम पुठ्ठ्याच्या मागावरील विणीचे. पुठ्ठ्याच्या वरच्या व खालच्या कडेला समान अंतरावर खाचा पाडून त्यांत सुतळीचे उभे धागे ताणून बसवावेत. जुन्या लुगड्याच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या आडव्या, एका धाग्यावरून व दुसऱ्याखालून, अशा घालीत जावे. फ्रोबेल यांनी बालोद्यानातील व्यवसायांत कागदी पट्ट्यांच्या विणीला स्थान दिले होते. हे त्याचेच कापडी रूप होय. उभे धागे आळीपाळीने दोन रंगांचे घेतले तर ‘तांबड्यावरून, पिवळ्याखालून’ एवढाच नियम ध्यानात ठेवावा लागतो. पूर्ण झालेला तुकडा गरम पातेल्याखाली ठेवण्यास उपयोगी पडतो.

या गटातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे गोधडी. आईच्या व आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने शिवलेली गोधडी मराठी घरातील थंडीचे पांघरूण म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे. वर्गात ती सामुदायिक प्रकल्प म्हणून घ्यावी. आरंभी पुठ्ठ्याला 2 सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून त्यांतून बुटाची नाडी वर-खाली ओवून घ्यावी. ‘वर येण्याचे’ भोक तांबडे व ‘खाली जाण्याचे’ निळे रंगविले, तर दिशेचा गोंधळ होत नाही. त्यानंतर बोथट टोकाची मोठी सुई व लोकर घेऊन गोणपाटाच्या तुकड्यावर सराव करावा. गोणपाटाची वीण सैल असल्यामुळे सुई सहज पार जाते. शेवटी 15 सेंटिमीटरच्या कापडी चौकोनावर, खडूने आखलेल्या रेषेवरून धावदोरा घालावा. प्रत्येक मुलाने घरून आणलेल्या कापडाचा एक चौकोन करावा. हे चौकोन जोडण्याचे काम पालकांपैकी कोणी करावे, आणि ते पालकांनी केले असे उघडपणे सांगावे. ज्याचे टाके वाकडे, त्याचा चौकोन तसाच राहू द्यावा. रात्री उसवून पुन्हा सरळ घातलेल्या टाक्यांनी गोधडी देखणी होईल. परंतु दुसऱ्या दिवशी ज्या मुलाला आपला चौकोन ओळखता येणार नाही, त्याचे काम वर्गाने काढून घेतले असेच म्हणावे लागेल.

५. संक्रांत : घेणारा आणि देणारा

मकरसंक्रांत हा हिवाळी हस्तव्यवसायांचा स्वाभाविक कळस होय. सणाआधीच्या आठवड्यात बाजारात सुगडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजरे व गव्हाच्या ओंब्या येतात. हे सर्व पदार्थ एका परातीत मिसळून, ते पाच सुगडांत वेगवेगळे लावावयास सांगितले तर वर्गीकरणाचा उत्तम पाठ होतो. डोळे मिटून स्पर्शाने बोर कोणते व हरभरा कोणता हे ओळखावयास लावले तर तोच ज्ञानेंद्रियांचा पाठ होतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थी त्यात बहुधा सर्वांच्या पुढे असतो. सुगडांवर ओल्या हळदी-कुंकवाची बोटे ओढणे हे काम ज्याला रेषा काढता येत नाही त्यालाही साधते.

गुळाचा पाक करून तिळाचे लाडू वळणे विशेष वर्गात धोक्याचे आहे; कारण लाडू गरम असतानाच वळावे लागतात. त्याऐवजी शिक्षकाने भाजून गार केलेले तीळ व शेंगदाणे यांचे कूट आणून त्यात मऊ गूळ किसून घालावा. हे मिश्रण पाकावाचून हाताने दाबून वळता येते. खलबत्त्यात कुटणे, गूळ किसणे, मिश्रण मळणे व लाडू वळणे या क्रियांत मनगट, तळहात व बोटे यांना निरनिराळा व्यायाम घडतो. कागदाचा चौकोन दुमडून पुडी करणे ही आणखी एक पायरी.

परंतु संक्रांतीचे खरे महत्त्व याहून निराळे आहे. विशेष मुलाच्या आयुष्यात देणारे हात पुष्कळ असतात. खाऊ, कपडे, वह्या, वाढदिवसानिमित्त आलेल्या देणगीदारांची भेट हे सर्व त्याला सतत मिळत असते, आणि प्रत्येक वेळी त्याने हात पुढे करावयाचा व आभार मानावयाचे असतात. घेणारा ही त्याची कायमची भूमिका होऊन बसते. स्वतः वळलेला तिळगूळ घेऊन तो शेजारच्या वर्गात जातो, शिपायाला देतो, मुख्याध्यापकांना देतो, घरी आजोबांना देतो, तेव्हा ही भूमिका काही काळ तरी पालटते. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य ठरीव असल्यामुळे ज्याला संभाषण जमत नाही त्यालाही ते पाठ करता येते. ज्याला बोलताच येत नाही त्याने त्या शब्दांचे चित्रपत्र दाखवावे, किंवा ध्वनिमुद्रित वाक्य उच्चारणारे बटण दाबावे. समोरचा मनुष्य वयाने मोठा असेल तर मुलाने वाकून नमस्कार करावा आणि समोरच्याने तो तिळगूळ तेथेच तोंडात टाकावा. ‘नंतर खातो’ असे म्हणून पुडी खिशात ठेवणाऱ्या पाहुण्यास मुलाच्या दृष्टीने काहीच दिले गेलेले नसते.

६. दक्षता

हिवाळ्याच्या काही खास अडचणी आहेत. सकाळच्या गारठ्यात बोटे आखडतात. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांच्या स्नायूंचा ताठरपणा थंडीने वाढण्याचा संभव असतो. यास्तव हस्तव्यवसायाचा तास सकाळी पहिला न ठेवता ऊन वर आल्यावर ठेवावा आणि शक्य तर वर्ग व्हरांड्यात किंवा अंगणात उन्हाला बसवावा. मातीकाम असेल तर माती कोमट पाण्याने भिजवावी. गार माती हाताला लागताच हात मागे घेणाऱ्या मुलाची पुष्कळदा हट्टी म्हणून संभावना होते. वास्तविक त्याला थंडी सोसत नसते, एवढेच. स्वमग्न मुलांपैकी काहींना लोकरीचा, कापसाचा किंवा खळीचा स्पर्श असह्य होतो. त्यांच्यावर बळजबरी करू नये. खळीसाठी कुंचला द्यावा, लोकरीऐवजी सुती दोरा द्यावा. उलटपक्षी या ऋतूच्या सोयीही आहेत. हवा कोरडी असल्यामुळे माती व रंग लवकर वाळतात आणि गव्हाच्या पिठाची खळ उन्हाळ्यातल्यासारखी लवकर आंबत नाही.

लहान वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्या मुलांपासून सरकी, मणी, बोरांच्या बिया व हरभरे दूर ठेवावेत. तीळ किंवा शेंगदाणे कोणास बाधतात काय, याची पालकांकडे आधी चौकशी करावी. सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. पतंग करावयाचा झाल्यास तो भिंतीवर लावण्यापुरता करावा. नायलॉनचा मांजा माणसांना व पक्ष्यांना प्राणघातक ठरतो आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातलेली आहे.

७. नोंद आणि प्रदर्शन

प्रत्येक मुलाच्या नावे एक साधा तक्ता असावा. उभ्या रकान्यात पायऱ्या आणि आडव्या रकान्यात तारखा लिहाव्यात. ज्या दिवशी जी पायरी हात धरून करून घेतली तेथे ‘ह’, दाखवून झाली तेथे ‘द’, शब्दाने झाली तेथे ‘श’ आणि स्वतः केली तेथे ‘स्व’ एवढे लिहिले की पुरे. महिन्याच्या शेवटी ‘ह’ ची जागा ‘श’ ने व ‘श’ ची जागा ‘स्व’ ने घेतलेली दिसली, तर प्रगती झाली असे समजावे. एखाद्या पायरीशी सतत ‘ह’ च दिसत असेल, तर दोष मुलाकडे न लावता ती पायरी आणखी दोन भागांत तोडावी.

प्रदर्शन भरवू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र वस्तूसोबत मुलाचे नाव जसे लिहितात, तशी त्याने स्वतः केलेली पायरीही लिहावी. ‘या वातींतील सरकी यांनी काढली’, ‘या गोंड्याचे 60 वेढे यांनी घातले’ अशी चिठ्ठी वाचणाऱ्या पालकाला आपल्या मुलाविषयी खरी माहिती मिळते आणि तीच क्रिया तो घरीही करून घेऊ शकतो. निर्दोष वस्तू पाहून गेलेल्या पालकाच्या हाती असे काहीच लागत नाही. उलट ‘शाळेत एवढे करतो, मग घरी का नाही’ असा रोष मात्र त्या मुलाच्या वाट्याला येण्याचा संभव असतो.

८. एक आक्षेप

वाती वळणे, पाकिटे चिकटविणे, गोंडे करणे या कामांतच विशेष मुलांना गुंतविणे म्हणजे त्यांची झेप आधीच आखून टाकणे नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप उपेक्षणीय नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 याने शिक्षणाचा व रोजगाराचा जो हक्क मान्य केला आहे, त्याचा अर्थ वर्षानुवर्षे तेच ते काम असा खचितच नाही. ज्या मुलाला फुलवात पूर्णपणे साधली, त्याला पुढील हिवाळ्यातही केवळ फुलवातीच करावयास लावणे हा शिक्षणाचा शेवट होय. त्याने पुढे मागावर जावे, मागावरून सुईकडे जावे. मोजणी, वजन, हिशेब, बाजारातील खरेदी यांकडे वळावे. हस्तव्यवसायातून उत्पन्न येत असेल तर त्यात मुलाचा वाटा असावा आणि त्या पैशाचे काय करावे हे त्यानेही ठरवावे.

तथापि या आक्षेपाचे दुसरे टोकही तितकेच घातक आहे. हाताचे काम हलके म्हणून ते टाकून देऊन, अर्थ न कळता अक्षरे गिरविण्यात वर्षे घालविणारी मुले कमी नाहीत. चिमटीत कापूस धरणारा अंगठा हाच पुढे पेन्सिल धरतो, सदऱ्याचे बटण लावतो, भाकरीचा तुकडा मोडतो. हस्तव्यवसायाची निवड करताना तो मुलाला कोठवर नेतो आणि त्यापुढील पायरी कोणती, हा विचार शिक्षकाजवळ तयार असला, म्हणजे हस्तव्यवसाय बंधन होत नाही.

समारोप

वर सुचविलेल्या हस्तव्यवसायांना लागणारे साहित्य म्हणजे कापूस, लोकर, जुनी लुगडी, पुठ्ठा, माती, तीळ व गूळ. यांपैकी बहुतेक वस्तू खेड्यातील शाळेलाही अल्प खर्चात मिळू शकतात. महाग आहे ते एकच, आणि ते म्हणजे शिक्षकाचा धीर. एका मुलाने एक वात पुरी करण्यास जो अवधी लागतो, तेवढ्यात शिक्षक वीस वाती करू शकतो. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की तसे करण्याचा मोह अनावर होतो. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात विविध वस्तूंचे नमुने शिकविण्यावर जेवढा भर दिला जातो, तेवढाच पायऱ्या पाडण्यावर, साहाय्य काढून घेण्यावर आणि नोंद ठेवण्यावर दिला जावा, ही सूचना आम्ही या निमित्ताने करू इच्छितो. येत्या हिवाळ्यात प्रत्येक विशेष वर्गाने एकच हस्तव्यवसाय निवडावा, त्याचा तक्ता करावा व संक्रांतीपर्यंत तो नेमाने भरावा. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे निदान एका रकान्यात ‘स्व’ हे अक्षर उमटले, तर वर्गाचा हिवाळा सार्थकी लागला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.